बंद घराची नोंदवही : माणसाविना पृथ्वीचं काय होईल, हे गावातच मोजायची रीत

माणूस पृथ्वीवरून नाहीसा झाला तर मागे काय उरेल, या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. ते मोजता येतं, आणि कोकणात तर जवळजवळ प्रत्येक वाडीत मोजता येतं. मुंबईला गेलेल्या कुटुंबांची कुलूप लागलेली घरं म्हणजे माणूस उठून गेलेल्या जगाचे छोटे नमुनेच आहेत. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असल्यामुळे कोरड्या मुलखात पन्नास वर्षं लागतील ते इथे दहा-पंधरा वर्षांत डोळ्यांसमोर घडतं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. माणसामागे एखादी वस्तू किती टिकेल हे ओळखायचं असेल, तर आधी तिला किती दिवसांनी हात लावावा लागतो ते विचारा. ती किती भक्कम आहे, हा त्यानंतरचा प्रश्न. कौलारू घराला दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, लागते, म्हणून भिंत दीड हात जाडीची असली तरी घराचं आयुष्य छपराच्या हिशेबानेच मोजायचं. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरलं गेलं. त्याला सांधा नाही, वासा नाही, कौल नाही, म्हणून शाकारणीही नाही. पुढची सगळी मोजमापं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

घर निवडताना

कुलूप लागून २ ते ५ वर्षं झालेलं घर घ्या. छप्पर अजून जागेवर असलं पाहिजे, कारण पडायची सुरुवात बघायची आहे. पडून गेलेल्या घरात ती सापडत नाही.

घर गणपतीला उघडतं का, हे शेजाऱ्यांकडे नक्की विचारा. वर्षातून सात दिवस उघडणारं घर बंद घर नव्हे. त्या सात दिवसांत कोणीतरी सरकलेलं कौल सारतं, न्हाणीची मोरी मोकळी करतं, चूल पेटवतं. चुलीचा धूर वाशांना कोरडं ठेवतो आणि किडीला लांब ठेवतो. चूल विझली की लाकडाचं हे संरक्षण संपत जातं.

त्याच वाडीतलं, तेवढ्याच वयाचं आणि त्याच बांधणीचं एक राहतं घरही घ्या. त्याला जोडघर म्हणू. हे सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते. बंद घराची भिंत वर्षात ३ मिलिमीटर फाकली आणि जोडघराचीही तेवढीच फाकली, तर तो जमिनीचा गुण आहे, माणूस नसण्याचा नाही. दोन्ही घरांत जो फरक दिसेल तोच तुमचा निष्कर्ष.

परवानगी लेखी घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर एक नाव असतं, पण हिस्सेदार पाच-सात असतात. सगळे शिमग्याला किंवा गणपतीला गावात येतात, तेव्हा एकत्र बसवून सह्या घ्या. पत्रात तीन गोष्टी असू द्या : आतली कुठलीही वस्तू हलवणार नाही, काही दुरुस्त करणार नाही, आणि फोटो कुठे दाखवायचे ते विचारून ठरवू. आत देव्हारा असतो, आजोबांची काठी कोपऱ्यात उभी असते. त्या घराला अजून माणसं आहेत, ती फक्त लांब आहेत. हे लक्षात ठेवूनच उंबरा ओलांडा.

सामान

३० मीटरचा टेप, व्हर्निअर कॅलिपर, होकायंत्र, १ मीटरची काठी (दर १० सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा रंगवलेली), नायलॉनच्या दोरीची १ मीटर × १ मीटर चौकट, पितळी स्क्रू, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ऑइल पेंटचा छोटा डबा, आलेख कागद, पेन्सिल. शाईचं पेन नको. जुलैच्या दमट हवेत वही ओलसर होते आणि शाई पसरते. लोखंडी खिळेही नकोत, दोन पावसाळ्यांत गंज चढून माप बिघडतं. अंगावर गमबूट, हेल्मेट, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क.

फोटोचे ठिकाण

घराभोवती ८ जागा ठरवा : चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य. प्रत्येक जागी जांभ्या दगडाचा एक चिरा जमिनीत पुरून त्याच्या माथ्यावर रंगाने आकडा घाला. फोटो काढताना मोबाइल १.५ मीटर उंचीच्या काठीवर टेकवा, झूम १ वर ठेवा, होकायंत्राची दिशा वहीत लिहा आणि पट्ट्यांची काठी भिंतीला टेकवून फोटोत येऊ द्या. सकाळी ८ ते ९ ची वेळ पाळा. मागच्या वर्षीचा छापील फोटो हातात धरून चौकट जुळवा. केवळ आठवणीवर विसंबलं तर तिसऱ्या वर्षी दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत, असा हमखास अनुभव येतो.

वर्षातून तीन फेऱ्या पुरतात : मेचा दुसरा आठवडा, जुलैचा शेवट, नोव्हेंबर.

कवडसे मोजणं

हे या कामातलं सर्वांत महत्त्वाचं माप आहे आणि त्याला खर्च शून्य.

रत्नागिरीच्या आसपास मेच्या ८ तारखेच्या मागेपुढे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. घड्याळात तेव्हा १२ नव्हे, साडेबारा वाजून गेलेले असतात. त्या दिवशी सव्वाबाराला घरात जा, दारं-खिडक्या ओढून घ्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं उभे राहा. माजघरातल्या जमिनीवर एकेक करून उजेडाचे गोल ठिपके दिसायला लागतात. त्यांत धूळ तरंगताना दिसते. प्रत्येक कवडसा म्हणजे छपरातलं एक भोक, आणि सूर्य डोक्यावर असल्यामुळे भोक बरोबर कवडशाच्या वर असतं.

आधीच काढून ठेवलेल्या घराच्या आराखड्यावर (२ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर) हे सगळे ठिपके टिपा. घाई करा, कारण ते सतत सरकत असतात. ठिपक्याची रुंदीही मोजा, पण तिच्यावर थेट विश्वास ठेवू नका. बारीक भोकातून सूर्याचीच प्रतिमा जमिनीवर पडते. छप्पर ४ मीटर उंच असेल तर सुईएवढ्या भोकाचा कवडसाही जवळजवळ ४ सेंटिमीटरचा पडतो. म्हणून मोजलेल्या रुंदीतून ४ सेंटिमीटर वजा करा, उरेल ते भोक. ज्या खोलीवर माळा आहे तिथे कवडसे दिसणार नाहीत. आराखड्यात ती जागा रेघा मारून वेगळी दाखवा. ती कोरडी आहे असा अर्थ काढू नका, आणि बघायला माळ्यावर चढू नका.

जुलैच्या फेरीत हाच आराखडा घेऊन ओल टिपायची. मेमधला कवडसा आणि जुलैमधली ओल यांचा मेळ बहुतेक ठिकाणी बसतो. जिथे बसत नाही ती जागा जास्त लक्षात ठेवण्यासारखी. तिथे पाणी रिपेवरून वाहत जाऊन दुसरीकडे ठिबकत असतं, आणि त्या वाटेवरचा वासा आधी जातो.

कौलं आपोआप फारशी फुटत नाहीत. वानरांच्या उड्यांनी फुटतात, वरून नारळाची झावळी पडून फुटतात, रीप कुजली की सरकतात. म्हणून प्रत्येक नव्या भोकासमोर कारण लिहा. कारण कळत नसेल तर 'कारण दिसलं नाही' असं लिहा. पुढे तेच उपयोगी पडतं.

भिंत आणि लाकूड

पाणी भिंतीच्या माथ्यावर पोहोचलं की खरी पडझड सुरू होते. जांभ्याचा चिरा पाण्याला घाबरत नाही, पण दोन चिऱ्यांमधली माती घाबरते. मातीत बांधलेली भिंत माथ्यावरून उकलत येते. चुन्यात बांधलेली बराच काळ तग धरते. घर कशात बांधलंय हे पहिल्याच दिवशी एखाद्या उघड्या सांध्यात बघून लिहून ठेवा.

भेगेच्या मापासाठी तीन पितळी स्क्रू बसवा : दोन भेगेच्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, तिघांचा सुमारे १० सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण होईल असे. तिन्ही बाजू व्हर्निअरने मोजा. दोनच स्क्रू लावले तर भेग रुंदावल्याचं कळतं, पण भिंत नुसती बाजूला फाकतेय की खालीही खचतेय ते कळत नाही. यंत्रावर ०.०२ मिलिमीटरचे भाग असले तरी हाताच्या चुकीमुळे ०.१ च्या पुढच्या अचूकतेचा दावा करू नका. जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून मेची तुलना मेशी करा, नोव्हेंबरची नोव्हेंबरशी. मे आणि जुलै शेजारी ठेवले की भेग पळत सुटल्यासारखी वाटते आणि नोव्हेंबरात ती अर्धी मिटलेली असते.

लाकडासाठी साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. हात पोहोचेल त्या खांबाला जमिनीपासून १० सेंटिमीटरवर आणि १ मीटरवर सारख्याच जोराने टोचा आणि किती मिलिमीटर आत गेला ते लिहा. सागाचा गाभा वर्षानुवर्षं टणक राहतो, आंब्याची फळी लवकर भुसा होते. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती मोडू नका. तिच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख घाला, पुढच्या फेरीत ती किती चढली ते कळेल.

जवळपास बंद पडलेलं स्लॅबचं घर असेल तर त्याचीही एक पानभर नोंद ठेवा. तिथे पाण्याचं काम वेगळ्या वाटेने चालतं. खारी हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत जाते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. त्या दाबाने स्लॅबच्या खालच्या बाजूचे पापुद्रे सुटतात. आधी सळईच्या रेषेत तपकिरी डाग, मग केसासारखी भेग, मग पापुद्रा. हा क्रम तारखांसह मिळाला तर तुमच्या तालुक्यातली काँक्रीटची घरं माणसामागे कशी जातील याचा पुरावा हाती येतो.

झाडं

चौकट पाच ठिकाणी टाका : अंगण, पागोळ्या पडतात ती रेघ, परसू, न्हाणीची मोरी आणि छप्पर उघडं पडल्यास माजघराची जमीन. चौकटीच्या चारी कोपऱ्यांना चिऱ्याचा तुकडा पुरा. प्रत्येक फेरीत आतली प्रत्येक जात, तिची संख्या आणि सर्वांत उंच रोपाची उंची लिहा.

अंगणात आधी टाकळा, कुर्डू, आघाडा येतात. मग रानमोडी आणि घाणेरी घुसतात, आणि इथे निष्कर्षाची गाडी घसरते. या दोन्ही झुडपांना माणसानेच परक्या खंडातून इथे आणलंय. माणूस नसलेल्या पृथ्वीवर जुनं रान जसंच्या तसं परत येईल असं मानणाऱ्याने रानमोडीने झाकलेलं एक अंगण बघावं. आपण गेल्यावरही आपण हलवलेल्या जाती इथेच राहणार आहेत. त्या गचपणाखालून कुडा, किंजळ, ऐन यांची रोपं डोकं वर काढतात का, आणि कितव्या वर्षी, हे नोंदवलंत तर वनखात्यालाही उपयोगाची माहिती ठरेल.

भिंतीवरचा पिंपळ, उंबर आणि वड वेगळ्या पानावर घ्या. तांबट, बुलबुल, मैना आणि वटवाघळं यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या माथ्यावर पडतं. प्रत्येक रोपाला आकड्याची पट्टी तारेच्या सैल कडीने बांधा. कडी घट्ट झाली तर दोन वर्षांत तार खोडात रुतते आणि तुम्हीच तुमचं रोप मारता. बुंध्याची जाडी व्हर्निअरने, उंची काठीने. मूळ कुठल्या सांध्यात शिरतंय त्याचा जवळून फोटो घ्या. कंबोडियातल्या ता प्रोम देवळाच्या भिंतींना विळखे घातलेली मुळं जगभर प्रसिद्ध आहेत. सुरुवात तिथेही अशाच एखाद्या बोटभर रोपाने झाली असणार.

लावलेल्या झाडांचीही हजेरी घ्या. सुपारीला उन्हाळ्यात शिंपणं लागतं, म्हणून ती आधी सुकते. कलमी हापूसची फांदी मेली तर बुंध्यातून खुंटाचा रायवळ फुटतो. हापूस ही जात कलमाच्या चाकूवर जगते. कोयीतून तीच जात येत नाही, म्हणजे माणसामागे आंबा राहील आणि हापूस जाईल. काजू मात्र स्वतःचं स्वतः पसरतो.

जनावरं

प्लायवूडच्या ६० × ६० सेंटिमीटर तुकड्यावर चाळलेली राख ५ मिलिमीटर जाडीने पसरा, संध्याकाळी पडवीत ठेवा आणि उजाडताच बघा. घूस, मुंगूस, कांडेचोर, मांजर यांचे पाय ओळखू येतात. राख जाड झाली तर ठसा ढासळतो, पातळ झाली तर उमटतच नाही. आधी स्वतःचं बोट टेकवून बघा, बोटाच्या रेषा दिसल्या की जाडी बरोबर.

गव्हाणी घुबड माळ्यावर बसलं असेल तर तुमचं नशीब मोठं. खाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात. घुबडाला न पचलेले केस आणि हाडं त्यात असतात. हातमोजे आणि मास्क लावून त्या गोळा करा, तासभर कोमट पाण्यात भिजवा आणि टाचणीने उकला. कवटीत पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असेल तर तो उंदराच्या कुळातला. दातांची रांग सलग असेल तर चिचुंद्री. एकाही पिंजऱ्याशिवाय आजूबाजूच्या छोट्या जनावरांची यादी मिळते.

घरातल्या उंदरांचा आकडा दरवर्षी कसा उतरतो ते नीट बघा. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावरून ऑगस्ट १९३० मध्ये उरलेले ३६ रहिवासी कायमचे निघून गेले. त्यानंतर थोड्याच काळात तिथला घरउंदीर नामशेष झाला. त्याच बेटावरचा रानउंदीर आजही आहे. आपल्या कणग्यांवर आणि उबेवर जगणारे जीव आपल्याबरोबर जातात. माणसाच्या आसऱ्याने राहणारी चिमणी, पाल, झुरळ यांची हजेरी म्हणूनच जोडघराशी ताडून बघायची.

धोके

एकट्याने कधीही जाऊ नका. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, फुरसं हा विषारी साप सर्रास असतो, त्यामुळे काठी आपटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो भाग हलू न देता १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. पावसात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाचा धोका असतो, म्हणून गमबूट. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या बाजूला, माकडतापाच्या गोचिडी असतात. बाह्या झाका आणि मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा. विहिरीत उतरू नका, खाली प्राणवायू नसू शकतो. मोठ्या पावसानंतरचे तीन दिवस भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतराच्या आत उभं राहू नका. वटवाघळांची मोजणी बाहेरून, तिन्हीसांजेला करा.

वहीवरून पृथ्वीकडे

दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की शेवटच्या पानावर एक तक्ता आखा. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात 'किती दिवसांनी हात लागतो', तिसऱ्यात 'हात न लागल्यास आधी काय जातं'. घराच्या ओळी तुमच्या मोजमापांतून भरा आणि मग बाहेर पडा.

वीज : जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवायला क्षणाक्षणाला लक्ष लागतं, म्हणून ती सर्वांत आधी जाते. मुंबईतलं पावसाचं पाणी समुद्रात फेकणारे पंप विजेवर आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीपुढे शहर किती सखल आहे ते दिसलं. पंपांशिवाय प्रत्येक पावसाळा त्या दिशेने जातो. तारापूरला १९६९ पासून अणुवीज आहे. अणुभट्टी आपोआप बंद होऊ शकते, पण वापरलेलं इंधन पाण्यात थंड ठेवावं लागतं, म्हणजे तिथे रोजचा हात लागतो. कोयनेच्या १०३ मीटर उंच धरणाची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहील, पण दारं दर पावसाळ्यात कोणीतरी चालवावी लागतात. तक्ता लिहिताना भिंत आणि दार वेगळ्या ओळींत घाला, अशी फोड केली की चुका कमी होतात.

तक्त्यात न बसणाऱ्या गोष्टी वेगळ्या लिहा. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाल्यावर जवळच्या प्रिप्यात शहरातून २७ एप्रिल १९८६ ला जवळपास ४९ हजार लोक हलवले गेले आणि पुढे तिथे लांडगे, रानडुकरं आणि जंगल परतलं. पण त्या मातीतल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षं आहे, आणि त्याला कोणाचा हात लागो न लागो, त्याचा वेग बदलत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. औद्योगिक काळाआधी तो दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे, आणि त्यातला बराच वाटा माणूस गेल्यानंतरही हजारो वर्षं हवेत राहील.

आणि तुमचं घर पडलं तर नोंद थांबवू नका. खूप जणांची वही नेमकी तिथे संपते. चिरे कुठे कसे पडले त्याचा आराखडा काढा, कुठली भिंत कुठल्या बाजूला गेली ते बाणांनी दाखवा आणि पाचही चौकटी जोत्यावर हलवा. जुन्या चौकटींच्या खुणा काढू नका. जोत्यावरची माती ओल धरते, उकललेल्या भिंतीची बारीक माती त्यावर साचते, आणि वरून ऊन मोकळं झालेलं असतं. पुढच्या नोव्हेंबरात आधी तिथे जा आणि शेणाने सारवलेल्या त्या जमिनीतून काय उगवलंय ते मोजा.